नमुना कुठला?

माती तपासणीच्या खिडकीशी रांग हलत नव्हती. आत अर्ज उतरवून घेणाऱ्या बाईंच्या कानावर समोरच्या म्हातारा-म्हातारीचं बोलणं पडत होतं.

"अहो, नमुना कुठला म्हणून लिहिलंत?"

"स्वयंपाकघर."

"शेतातली माती आणायची होती ना?"

"सगळ्यात जाड गाळ तिथंच बसलाय. हातभर."

"पुरात घर गेलं, आणि यांना गाळाचं कौतुक."

"अगं, नदी धावते तेव्हा दिसेल ते ओढून नेते. पसरली की दमते, आणि हातातलं खाली ठेवते. आपलं सगळं रान असंच थरावर थर बसून झालंय."

"आणि माझी भांडी कुठं ठेवली तिनं?"

"ते तिलाच विचार."

म्हातारीनं मातीच्या पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"तुझं इथं राहायचं मन नसेल तर लेकीकडे जाऊ. डोंगरावर."

"तिकडची माती कशी आहे?"

"नुसता मुरूम."

"मग काय दगड पेरणार आहात? घर जरा उंचावर बांधा."

खिडकीतून बाईंनी विचारलं, "आजी, स्वयंपाकघर खोडून शेत लिहू?"

"नको गं. स्वयंपाकघरच राहू दे. पुढं पीक लिही, भेंडी. यांना आवडते."