अणशी घाटातला फोन

माझ्या धाकट्या भावानं, गणपानं, आणि मी जमिनीच्या वाटणीवरनं एकमेकांशी बोलायचं सोडलं होतं. त्याचं गॅरेज रामनगरात. आईला कारवारच्या दवाखान्यातनं घरी आणत होतो, तवा अणशी घाटात माझ्या नव्या गाडीचा जोर एकदम गेला. पिवळा दिवा लागला. मागच्या सीटवर आई डोळे मिटून कण्हत होती. एका वळणावर रेंज मिळाली आणि मी गणपाला फोन लावला.

सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "इंजिन तापल्याचा काटा कुठं हाय?"

"मधी हाय."

"मग भ्यायचं कारण न्हाई, अण्णा. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबली की हवा तापती. तिला थंड करणाऱ्या पाण्याचा पंप येगळा असतो, तो बंद पडला असंल. गरम हवा आत जाया लागली की गाडी आपणच जोर कमी करती. इंजिनचं पाणी ठीक हाय. सावकाश चढव आणि घाट संपला की अणशी गावात थांब. मी येतो."

कितीतरी वर्षांनी त्यानं मला अण्णा म्हटलं होतं.

तो मोटरसायकलवरनं आला आणि पंपाचा जळलेला फ्यूज बदलला. मग मोटरसायकल वळखीच्या घरी लावून आईशेजारी बसला.

"कोण, गणपा?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"व्हय."

घर येईस्तवर तिनं त्याचा हात सोडला न्हाई. पंप चालू झाला होता, तरी गाडी मी हळूच चालवली.