निमिषचे हात थरथरतात

...नाही, मला सांगा, धागा न तुटता कसा ओढणार? ओढायचा म्हणजे तुटेपर्यंतच ओढायचा, त्याचाच तर पगार घेतो आम्ही. प्रश्न एवढाच की किती जोर लावल्यावर तुटतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं!

तुम्हाला सांगतो, चेरीवूडला आमचं ऑफिस, मागे लॅब, आणि मी रोज लांबच्या नावन गावाहून येतो, दीड तास ब्रेकवर पाय ठेवून, कशासाठी? तर कार्बनच्या नळ्यांसाठी. नॅनोट्यूब. केसापेक्षा हजारो पट बारीक, आणि एकेक नळी पोलादाला भारी. पण एका नळीचा पूल होतो का? विमानाचा पंख होतो का? कोट्यवधी नळ्या एकत्र पिळून धागा करावा लागतो, आणि एकत्र आल्या की बाईसाहेब एकमेकींवरून घसरतात. आमच्या मंडळाची कमिटी बघा, एकेक माणूस हिरा... आणि गणपतीच्या मीटिंगला सगळे एकत्र बसले की काय होतं? तेच.

तर चार वर्षांपूर्वी मी ओढलेला एक धागा सहाला तुटला. सहा गिगापास्कल... ते जाऊ द्या, बाकीचे सगळे दोन-अडीचला तुटायचे एवढंच लक्षात ठेवा. आमचा बॉस फर्गल अक्षरशः नाचला हो. त्या सहावर कंपनी उभी राहिली, त्या सहावर मी घर घेतलं, आणि त्या सहापायी नागपूरहून इकडे परदेशात निमिष आला, बायको स्वरांगी आणि कडेवर पोरगी घेऊन. काम एकच, माझा सहा पुन्हा काढून दाखवायचा.

तीन वर्षं! कागदाची चौकट कापा, तिच्या खिडकीत धागा चिकटवा, मशीनच्या जबड्यात धरा, कडेचा कागद कात्रीनं उडवा, तेही श्वास रोखून, शिंकलात की सकाळ गेली... आणि मग ओढा. दोन पॉइंट तीन. पुन्हा ओढा. दोन पॉइंट चार. फर्गल मला कोपऱ्यात घेणार, 'युअर मॅन निमिष, इज ही ऑल राइट?' मी काय सांगणार? म्हटलं, धागा बळकट आहे रे, निमिषचे हात थरथरतात.

योगिनी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, परवा काठोकाठ भरलेले चार कप घेऊन जिना चढला तो आपल्याकडे, थेंब नाही सांडला." मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, लॅबमधे थरथरतात.

मागच्या महिन्यात फर्गलनं त्याला सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही. नोकरी नाही तर परमिट नाही, आणि दुसरीकडे कोण घेणार, शिफारसपत्रात लिहिणार काय? पोरगी आता शाळेत जाते, मराठी विचारलं की इंग्लिशमधे उत्तर देते, ती म्हणते, 'आय अ‍ॅम नॉट गोइंग.' स्वरांगी प्रेसमधले, म्हणजे इथल्या कपाटातले, डबे काढून बायकांना वाटत होती. वाईट वाटलं हो मला. पण धागा बळकट, हात थरथरतात, त्याला मी काय करू?

आणि आता ऐका. मंगळवारी फर्गलला काय हुक्की आली, तो सहावाला धागा म्हणे काचेच्या पेटीत रिसेप्शनवर ठेवायचा, शेजारी धाग्याचा मोठा फोटो. तुटलेला तुकडा मी लॅबच्या खणात जपून ठेवलेला होता. फोटोसाठी मायक्रोस्कोपखाली घातला, चिमट्यातून जरा निसटला, आडवा झाला... आणि एकदम रुंद दिसायला लागला. डबल रुंद! धागा गोल नव्हताच, चपटा होता. पायजम्याची नाडी कडेनं बघा, केवढीशी दिसते? मी नाडी कडेनं मोजली होती. आता जोर भागिले जाडी हे आमचं गणित, जाडी कमी धरली की आकडा फुगणारच. पुन्हा मांडलं. दोन पॉइंट तीन.

म्हणजे तीन वर्षं निमिष दोन्ही बाजूंनी नीट मोजून, माझ्याइतकाच, कधीकधी माझ्यापेक्षा बळकट धागा काढत होता. आणि मी सांगत होतो, हात थरथरतात.

गेलो फर्गलकडे, सगळं सांगितलं. त्यानं उठून दार लावलं. मग विचारतो काय, 'हू एल्स नोज?' म्हटलं, अजून कोणी नाही. 'ग्रँड,' म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ठीक, 'लीव्ह इट विथ मी.' आता ह्या देशात कोणी 'लीव्ह इट विथ मी' म्हणालं, की समजायचं, विषयाचं अस्थिविसर्जन झालं. मी परत जाऊन खणखणीत बोलायला हवं होतं ना? हवं होतं. घर आठवलं, माझी स्वतःची पोरगी आठवली, आणि मी जागेवर येऊन बसलो.

शुक्रवारी निमिषचा शेवटचा दिवस. त्यानंच केक आणलेला, त्यानंच कापला, सुरी अशी सरळ गेली की पट्टी लावून बघा. कागदी प्लेट मी धरली होती, ती किती हलत होती ते विचारू नका.

पार्किंगमधे मला राहवेना. म्हटलं, "निमिष, तो सहा... तो चुकला होता रे. धागा चपटा होता."

तर तो म्हणतो, "माहीत आहे सर. पहिल्याच वर्षी खणातला तुकडा मोजला होता मी."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार सर? आम्हाला घ्यायला तुम्ही एअरपोर्टवर आले होते. वहिनींनी डब्यात खिचडी पाठवली होती."

एवढं बोलून पाया पडला हो माझ्या, आणि गेला.

आता फर्गलनं नवीन जाहिरात दिली, त्यात स्पष्ट लिहिलं, 'स्टेडी हँड्स' पाहिजेत. पुण्याची सानिका म्हणून मुलगी घेतलीय, काम तेच, माझा सहा पुन्हा काढायचा. पंधरा तारखेला येतेय. योगिनी कालच विचारत होती, फ्लाइट कितीचं आहे, डब्यात काय देऊ? मी म्हटलं, काही देऊ नकोस. ह्या वेळी मी घ्यायला जाणार नाही. बसनं येऊ दे तिला.