उकळलेले दगड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे पाणीवाले मामा, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मामी, आणि ड्यूटीची अदलाबदल करून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी मुलांच्या वॉर्डची हेड सिस्टर. मला पाच मिनिटं दिली आहेत. इंजेक्शन देताना मी "झालंच हं" म्हणते तेव्हा झालेलं नसतं, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तेव्हा साहेब, जरा सांभाळून घ्या.

मामांनी एकतीस वर्षं या हॉस्पिटलचे नळ आणि टाक्या सांभाळल्या, त्यावर आधीचे वक्ते बोलले. मी बोलणार आहे ती माशांच्या टाकीबद्दल. नऊ वर्षांपूर्वी एका देणगीदाराने आमच्या वॉर्डाला ती काचेची टाकी दिली आणि मामांनी हट्टाने तीत खारं पाणी भरलं, समुद्रातले मासे ठेवायचे म्हणून. वाळू आली, दगड आले, पंप सुरू झाला. पाणी कसं लख्ख! आणि मासे? माशांचा पत्ता नाही. साहेब राउंडला आले की विचारायचे, "मामा, मुहूर्त कधीचा?" मामा म्हणायचे, "पाणी अजून कच्चं आहे, साहेब."

कच्चं म्हणजे काय, हे मी तेव्हा नीट ऐकूनच घेतलं नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. तो खाणारे जंतू दगडांवर आणि पंपाच्या स्पंजवर हळूहळू वस्तीला येतात. ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जंतू येऊन त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना सोसतं. मामा संध्याकाळी त्या जंतूंना खाणं म्हणून अमोनियाचे मोजके थेंब टाकायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी दोन नळ्यांत पाणी घेऊन तपासायचे. एक नळी पिवळी आणि दुसरी आकाशी आली की दोन्ही विषं शून्य. असं लागोपाठ तीन दिवस आलं की पाणी तयार. नुसतं काचेतून बघून कुणाला कळणार?

रंग वाचायचं काम आमच्या इन्स्पेक्टरकडे होतं. इन्स्पेक्टर म्हणजे आठ वर्षांची पेशंट. हात न धुता पलंगाजवळ आलं की ती डॉक्टरांनाही परत पाठवायची. तिची आई आपल्याच नोंदणीच्या खिडकीवर असते. ताई, तुम्ही शेवटच्या रांगेत बसला आहात, मला दिसताय.

पोरगी रोज नळी कार्डावरच्या रंगांशी लावून बघायची. "मामा, अजून हिरवट आहे. नापास!" पस्तिसाव्या दिवशी पिवळी आणि आकाशी आली. छत्तिसाव्या दिवशीही आली. एकच दिवस राहिला होता.

आणि त्याच रात्री निरोप आला, उद्या तपासणी समिती येणार. मी वॉर्डात नजर फिरवली. टाकीतल्या दगडांवर तपकिरी थर चढला होता. मामांच्या लेखी ते पाणी तयार होत आल्याचं चिन्ह होतं. माझ्या लेखी ती घाण होती. मी दगड काढले, स्पंज काढला, आणि सगळं स्टरिलायझरमध्ये घालून चांगलं वीस मिनिटं उकळलं. पांढरे स्वच्छ दगड परत ठेवले आणि स्वतःवरच खूश झाले. जन्मभर जंतू मारण्याचीच नोकरी केली ना मी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी गडद हिरवी झाली. पोरगी म्हणाली, "मामा, परत पहिलीत बसायचं?" मामांनी दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "माझीच चूक, बाळा. डोस जास्त पडला. अजून महिनाभर थांबावं लागेल."

व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं, मी सांगते तिच्या आईला. तर म्हणाले, "सिस्टर, ती बाई पोरीला तुमच्या भरवशावर सोडून घरी आंघोळीला जाते. तेवढं राहू द्या. माझ्यावर रागावली तर माझं काय बिघडतंय?" खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

पोरीकडे महिना नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ताई मामांना म्हणाल्या, "एकच मासा सोडा. मेला तर मेला." मामा म्हणाले, "तिच्या डोळ्यांसमोर तडफडेल हो तो." आणि कुठे चाललो ते न सांगताच धावत घरी गेले. स्वतःच्या टाकीतला पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी मासा त्याच्याच पाण्यासकट डब्यात घेऊन आले. ताई, पोरीला हलवलं होतं त्या खोलीच्या दारात तुम्ही होतात. तुम्ही म्हणालात, "तुमच्या चुकीपायी माझी पोर वाट बघत राहिली. आता काही नको." आणि दार लावलंत. तुमच्या जागी मी असते तर मीही लावलं असतं.

मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. "चूक माझी आहे," एवढं म्हटलं असतं तर ते दार उघडलं असतं. मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मासा न बघता गेली.

नऊ वर्षं तुम्ही मागच्या जिन्याने येता आणि मामा तुमच्या खिडकीसमोरून मान खाली घालून जातात. मी तीनदा तुमच्या खिडकीशी आले, कोरा फॉर्म मागितला आणि परतले. आज सकाळीही मामा मला म्हणाले, "राहू द्या सिस्टर, तिला रागवायला कुणीतरी हवं ना." त्यांचं मी ऐकलं नाही. हे एकांतात सांगायला हवं होतं, इथे चारचौघांत नव्हे. पण एकांतात मी नेहमीच पळून गेले आहे.

ताई, तुम्ही उठलात. मागचं दार उघडं आहे, तिकडून गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही. फक्त मामा उद्यापासून इथे नसतील.

आयोजकांचे आभार. मामी, इतकी वर्षं तुमच्या घरी हा अपमान निमूटपणे सोसला गेला, तुमचेही आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. जे मी बोलले नाही, ते मात्र घालू नये.