गव्हाच्या कोठीला भोकं

मी कबनूरचाच. वडील कापडाच्या मागावर होते, त्या खडखडाटानं माझं डोकं उठायचं म्हणून मी पत्र्याच्या कामाला लागलो, आणि बघा, ठोकण्यातच जन्म गेला की. वर्षाचा गहू ठेवायला पत्र्याच्या कोठ्या करतो मी. माझी कोठी म्हणजे मुंगी शिरायची न्हाय. झाकण सोडलं की कडी आपोआप कोयंड्यात बसायची, हात लावायला नको. त्याचाच मला माज होता, काय सांगू तुम्हाला.

उन्हाळ्यात कोठी धुवायची, उन्हात वाळवायची, मग नवा गहू भरायचा, ही आमच्याकडची रीत. गेल्या उन्हाळ्यात आमचीबी अशीच वाळवून, झाकण उघडं टाकून सोप्यात ठेवलेली. माझी नात स्वरा, चार वर्षांची, लपाछपी खेळत होती. बादली उपडी घालून चढली आणि उतरली आत. झाकण पडलं. कडी बसली. माझी कडी, ती कशाला चुकतीया! पोरं गल्लीभर हुडकत फिरली, आम्ही म्हटलं बसली असंल कुठंतरी. बायको गव्हात घालायला कडुलिंबाचा पाला घेऊन आली, झाकण उघडलं, तर पोरगी घामानं भिजून मान टाकून पडलेली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं मी ऐकलंच न्हाय.

तवापासनं कडी बंद केली. लोहचुंबक लावतो, आतनं ढकललं की झाकण उघडतंय. वर चार भोकं पाडतो, आतनं बारीक जाळी. पण गिऱ्हाईक ऐकंल तर शपथ! जयसिंगपूरच्या एक बाई आल्या, म्हणाल्या, मामा, ही कोठी हाय का चाळण? गव्हात सोंडे-किडे शिरतील की. म्हटलं, जाळी हाय ताई. तर म्हणाल्या, आमच्यात ल्हान पोर न्हाय. म्हटलं, मग सुट्टीला भाचरं येत न्हाईत व्हय तुमच्यात? रागानं गेल्या, शेजारच्या दुकानातनं कडीची घेतली. तिथला कारागीर माझ्याच हाताखाली शिकलेला. ती आपोआप बसणारी कडी मीच शिकवली त्याला. आता सोड म्हटलं तर हसतोय, म्हणतोय, मामा, तुमचं वय झालं.

लोकांचं सोडा. काल आमच्याच कोठीकडं बघितलं, तर चारी भोकं कणकेनं लिंपलेली! बायकोला म्हटलं, अगं काय केलंस हे? म्हणली, आता आत गहू हाय, पोरगी न्हाय, आणि सोंडे झाले तर निवडायला तुम्ही बसणार हाय का? म्हटलं, गहू संपल्यावर काढायची आठवण ऱ्हाईल तुला?

वाळलेली कणीक खिळ्यानं उकरत बसलो. स्वरा बादली उपडी घालून शेजारी चढली, मोकळ्या झालेल्या भोकाला तोंड लावून आत ओरडली, आज्जाऽऽ! गव्हाच्या वरचा रिकामा पत्रा घुमला. त्या दिवशीबी तिनं अशीच हाक मारली असंल की हो. मी सोप्यातनं चारदा गेलो-आलो असंन, ऐकू आलं न्हाय.

म्हटलं, वरड बाळ. अजून मोठ्यानं वरड.