नालायकाच्या हातची सासनकाठी

मंडळी, या आख्यानावर आजवर एकानंही विश्वास ठेवलेला नाही! तुम्हीही ठेवणार नाही. तरी सांगतो— पोटात राहत नाही म्हणून सांगतो!

आधी एक सवाल. माणूस नालायक, हे ठरवतो कोण? लायक म्हणजे जोगा. शब्द अरबी, फारसीच्या घोड्यावर बसून आला, पुढं ‘ना’ बसला आणि आपल्या ओसरीवर कायमचा पथारी टाकून राहिला! पोरानं कपबशी फोडली— नालायक! जावयानं फोन उचलला नाही— नालायक! हसताय काय? तुमच्याच घरचं सांगतोय. पण कशाला जोगा नाही? ते कुणी बोलतं का? नुसताच ‘ना’!

तर ऐका. डोंगराखालच्या गावात दऱ्याप्पा नावाचा गडी. देवाच्या जत्रेत सासनकाठी— देवापुढं नाचवायची ती उंच निशाणाची काठी— धरायचा मान त्याच्या घराचा. काठी केवढी? टोकाला घारीचं घरटं, आणि घारीला खालचं गाव दिसायचं नाही! बुडखा एकानं कमरेच्या झोळीत घ्यायचा, चौघा भाऊबंदांनी चार बाजूंनी दोर ताणायचे. मागल्या जत्रेला काठी कलली. चुलता खंडूतात्या सगळ्यांदेखत ओरडला, “नालायक! बापाचं नाव घालवलंस! पुढच्या खेपंला कलली, तर मान आमच्या घरात!”

झालं! वर्षभर दऱ्याप्पाच्या मागं तो एकच शब्द. बैल हाकताना, दाढी करताना— कानात तेच.

जत्रा आली. तळव्यांना घाम— पुसावा तर पुन्हा घाम! गुलालात हात घोळले, झोळी कसली, काठी उचलली. चांगभलं! आणि वारा सुटला हो! वाऱ्याकडचा दोर कुणाच्या हाती? खंडूतात्याच्या! दऱ्याप्पानं तिरक्या नजरेनं पाहिलं— दोर सैल. आणखी सैल. “तात्या, वढा की!” तात्या आभाळाकडं बघतोय! काठी झुकली, खाली बायापोरं— आणि तात्यानं दोर सोडला!

मग काय झालं? दऱ्याप्पानं डोळे मिटले, देवाला हाक मारली— काठी ताठ! एकट्याच्या बळावर! तशीच घेऊन देवळाला पाच फेरे नाचला! घार वरून टाळ्या वाजवतेय! आता बोला, नालायक कोण? मंडळी, लायकी आतली असते, तिला कुणाचा टेकू लागत नाही! उद्या घरी कुणाला तो शब्द फेकाल, तेव्हा—

“खोटं!”

कीर्तनाला बसलेल्या बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. “बुवा, मी दऱ्याप्पाची बायकू. घारीचं ऱ्हाऊ द्या, पर तात्यानं सोडल्याला दोर मी धरला हुता! बाईनं शिवायचा न्हाई म्हणून समदी वराडली. तरी धरला. एकट्याच्यानं काठी उभी ऱ्हाती व्हय? आनि ह्या मंडळीस्नी इचारा की— तितं असती, तर दोर सुटल्याला त्येंनी बी बघितला असता. धावलं कोन असतं?”