युरोप कुठे संपतो

“पंखा जरा वाढवा हो.”

“इथली माझी छत्री कोणी उचलली?”

“आधी युरोप कुठे संपतो ते ठरवायला हवं.”

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आम्ही नंबरची वाट पाहत बसलो होतो. तिसरं वाक्य शेजारच्या निवृत्त भूगोल शिक्षकांचं होतं. पलीकडे त्यांची मुलगी होती.

“बाबा, माँ ब्लाँ चढून आलात ना? युरोपातलं सर्वांत उंच शिखर चढायचं होतं. झालं की!”

“एल्ब्रुस त्याहून उंच आहे.”

“पण ते युरोपात आहे का?”

“काकेशस पर्वतरांगेच्या कण्यावरून सीमा धरली, तर आहे.”

“आणि नाही धरली तर?”

“तर आशियात.”

“मग नका ना धरू!”

“माझ्या गुडघ्यासाठी खंडाची हद्द सरकवू?”

“वर्गात तुम्हीच माँ ब्लाँ शिकवलंत. मी तेच लिहिलं, आणि तुम्ही बरोबरची खूण केलीत.”

“चुकलं माझं.”

“ते आत्ता बरं सुचलं! डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढल्यावर.”

“ऑपरेशन झालं की चढणं संपलं गं.”

“आणि नाही केलं तर चालणं संपेल.”

“आशियातलं सर्वांत उंच कोणतं?”

“एव्हरेस्ट. का, तेही बदललंत?”

“नाही. म्हणजे तिकडे गेलं, तर एल्ब्रुसला कुत्रं विचारणार नाही.”

“नाही विचारणार.”

“असू दे. घाल आशियात.”

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते मधेच थांबले होते, तेव्हा मुलगीही थांबली होती आणि वाकून बिनपट्ट्याच्या चपलेचा नसलेला पट्टा नीट करत होती.