तीन आधणं

(जानेवारी १९७६. कोल्हापूरपासून चार कोसांवरच्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, शनिवारची दुपार. बोलणारी तिघं : प्राध्यापिका नंदिनीबाई, कोडोलीचा गुळव्या (गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा कारागीर) पिराजी आणि बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली त्याची मुलगी लीला. टेबलावर कागद, एक न उघडलेला जेवणाचा डबा आणि फडक्यात बांधलेला गुळाचा गोळा.)

पिराजी : बाजूला काय सारताय बाई, सोडा की ते फडकं. बघा तरी आत काय हाय.

नंदिनीबाई : न सोडताही दिसतंय. पाणी सुटलंय त्याला. माझ्या कागदांवर ठेवू नका, एवढंच म्हणतेय मी. उद्याच्या अहवालाचे कागद आहेत ते.

पिराजी : कागदावर ठेवायलाच आणलाय. बाळासोच्या गुऱ्हाळातला गूळ हाय ह्यो. सोमवारी एक आधण आसं गेलं, मंगळवारी एक, बुधवारी एक. काहीलभर रसाचं एक आधण आटवायचं आन गुळाचा रवा उपडा केला की शेणागत बसायचा. चौथ्या दिवशी चुलवाणच इझवलं त्यानं.

नंदिनीबाई : गुऱ्हाळ बाळासोंचं, गूळ बाळासोंचा. त्याचं मला काय सांगता?

पिराजी : बाळासो म्हणतोय, पिराजी, कॉलेजानं काढलेल्या तुझ्या पुस्तकात लिवलंय तसंच केलं. माझ्या पुस्तकात. मला आडवं-उभं वाचाय येत न्हाय आन माझं पुस्तक.

लीला : अप्पा, आधी बसा. दोन घास खावा, मग बोला. आईनं भाकरी बांधून दिल्याय.

पिराजी : मी का खात न्हाय ते तुला ठावं हाय.

नंदिनीबाई : का? कॉलेजात उपोषणाला बसणार आहात?

लीला : उपोषण नाही, बाई. आधण बिघडलं की त्याचा गुळव्या दिवसभर जेवत नाही. एका आधणाला एक दिवस. मालकाचं नुकसान झालं तर आपलं पोट भरायचं नाही, अशी रीत आहे आमच्यात. यांना बुधवारी रात्री कळलं. आज तिसरा दिवस.

नंदिनीबाई : पण ही आधणं यांनी कुठं लावली? दसऱ्यालाच काढून टाकलं ना यांना?

पिराजी : काढलं की. एकतीस साल त्या चुलवाणावर काढली, एक आधण गेलं नव्हतं माझ्या हातनं. दसऱ्याला म्हणाला, पिराजी, आता थर्मामीटरच्या काचंत आकडा दिसतोय, जाळ घालणारा गडीबी काहील उतरवंल. बरं म्हणलं. पागोटं उचललं आन घरी गेलो, भांडाय गेलतो व्हय? पण नाव माझंच ठेवलंय तुमी त्या पुस्तकावर. हात त्येंचा, काच तुमची, आन बिघडलेलं आधण पिराजीचं.

नंदिनीबाई : ‘मार्गदर्शन : श्री. पिराजी चौगुले, अनुभवी गुळवे.’ मानानं छापलंय. दुसऱ्या कुठल्या कॉलेजनं छापलं असतं का?

पिराजी : त्यो मान काढून घ्या. त्येवढ्यासाठीच आलोय. माझं नाव खोडा.

नंदिनीबाई : पाचशे प्रती वाटून झाल्यात. आता मी गावोगाव खोडत फिरू? विद्यापीठात पहिलं आलेलं काम आहे ते. त्यावर हा अहवाल लिहिलाय मी. ऐका. ‘विद्यार्थ्यांचे सुयश : कु. लीला चौगुले हिच्या गुळावरील प्रकल्पास विद्यापीठाचे प्रथम पारितोषिक. गूळ उत्पादक मंडळाच्या सहकार्याने पुस्तिकेचे प्रकाशन व तापमापकांचे वाटप.’ उद्या वार्षिक समारंभात हे व्यासपीठावरून वाचायचंय. आणि पाहुणे कोण, तर मंडळाचे अध्यक्ष बाळासो. कळतंय का काय वेळ आणलीत ती?

पिराजी : मी आणली?

नंदिनीबाई : नाही तर कुणी? काल इथं येऊन गेलेत ते. जिथं बसलायत तिथंच बसले होते. म्हणाले, चूक कुणाची ते मला लेखी द्या, नाही तर उद्या मी माईकवर विचारतो. मंडळ पुन्हा या कॉलेजच्या पायरीला पाय लावणार नाही म्हणाले. आणि मग बक्षीस कुठलं? विद्यापीठ काम परत मागवेल. हिला इथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घ्यायचं मी प्राचार्यांकडून कबूल करून घेतलंय, तेही गेलं.

लीला : बाई, ते आत्ता नको.

नंदिनीबाई : का नको? कळू दे ना वडिलांना. हा कागद मी रात्री तयार केलाय. चार ओळी आहेत. विद्यार्थिनीला माहिती देताना माझ्याकडून काही गोष्टी सांगायच्या राहून गेल्या, एवढंच. खाली अंगठा द्या. बाळासोंना कागद मिळेल, हिचं बक्षीस राहील, सगळं मिटेल.

पिराजी : म्हंजे मी माझ्या पोरीला फसवलं, आसं लिवून द्यायचं.

नंदिनीबाई : ‘राहून गेल्या’ असं लिहिलंय.

पिराजी : राहून गेल्या न्हाईत.

नंदिनीबाई : राहूनच गेल्यात, किंवा ठेवल्यात. हे बघा, मी काय आजपासून नाही शिकवत. हाताची कला असलेली माणसं मला माहीत आहेत. नऊ गोष्टी सांगतात, दहावी मुठीत ठेवतात. म्हणजे दारात माणसं येत राहतात. तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत. फक्त स्वतःच्या मुलीशी केलंत, ते मला पटलं नाही.

पिराजी : बाई, आमच्यात चुलवाणाजवळ बाईमाणूस उभं करत न्हाईत. हिला मी काहिलीच्या काठाला उभं केलं, दोन सुगी. भावकी हसली. बाळासोचा बा म्हणाला, पिराजी, पोरीला गुळव्या करतोस का गुळव्याची बायकू? खाली मान घालून ऐकून घेतलं. आन तुमी मला मुठीतलं सांगताय? तुमी कवा आल्ता गुऱ्हाळावर?

नंदिनीबाई : आले होते मी.

पिराजी : फोटोच्या दिवशी. धूर डोळ्यांत जातोय म्हणून जीपमध्ये जाऊन बसला.

नंदिनीबाई : धुरात बसून शास्त्र होत नाही. मी वही तपासलीय. अडतीस आधणं, अडतीस नोंदी. सगळ्यांत काहील उतरवलीय ती एकशे अठरा अंशांच्या आसपास. तेच आम्ही छापलं. अडतीस वेळा बरोबर आलेला आकडा बाळासोंकडंच तीन वेळा कसा चुकतो?

पिराजी : ऊस कुठला होता?

नंदिनीबाई : उसाचा काय संबंध?

पिराजी : घ्या. उसाचा संबंध न्हाय म्हणं. नदीकाठच्या मळीच्या रानातला खोडवा लागलाय त्याला सोमवारपास्नं. पाणी पिऊन पिऊन फुगलेला ऊस. त्याच्या पाकाची गोळी पाण्यात टाकली की आवळतीया, दिसाय तयार दिसतीया, पण ताटावर आपटली तर वाजत न्हाय. वाजंपत्तूर उतरायचं न्हाय. तुमच्या काचंत दोन रेघा वर.

नंदिनीबाई : दोन अंश वर? हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?

पिराजी : माझ्या बाला माहीत होतं.

नंदिनीबाई : मग हेच तर मी म्हणतेय. हे तुम्ही सांगितलं नाहीत. वहीत एक ओळ नाही नदीकाठच्या उसाची. आता तरी द्या अंगठा.

पिराजी : सांगितलं न्हाय? गेल्या शिमग्याच्या आधी धा-बारा दिस त्याच उसाची आधणं काढली आमी. हिनं काच बुडवली, आकडा बघितला, लिवला. परत परत मीच म्हणलं, लिले, हे वेगळं लिव, ह्यात माणूस फसतंय. इचारा तिला. समोर तर हाय. इचारा की.

नंदिनीबाई : लीला?

पिराजी : बोल की गं. बाईस्नी सांग.

नंदिनीबाई : लीला, मी विचारतेय. सांगितलं होतं यांनी?

लीला : व्हय.

नंदिनीबाई : मग नोंदी कुठं आहेत?

लीला : नऊ आधणांच्या नोंदी आहेत, बाई. घरी, ट्रंकेत. मी त्या वहीत चढवल्या नाहीत.

नंदिनीबाई : चढवल्या नाहीत म्हणजे? विसरलीस?

लीला : नाही. मुद्दाम.

पिराजी : काय म्हणालीस?

लीला : मुद्दाम ठेवल्या, अप्पा.

नंदिनीबाई : तुला कळतंय का तू काय बोलतेयस? मी सही केलीय त्या कामावर. विद्यापीठाला मी पत्र लिहिलंय की एकेक आकडा तपासलेला आहे. दोन वर्षं तुला या टेबलावर बसवलं, माझी पुस्तकं दिली, आणि तू मला अर्धी वही दाखवलीस?

लीला : याच टेबलापाशी बाळासो बोलले होते, बाई. गेल्या उन्हाळ्यात, तापमापकांची खोकी आली त्या दिवशी. म्हणाले, आता गुळव्यांची मिजास संपली, पहिला पिराजीला घरी बसवतो. मी तिथं परीक्षानळ्या धूत होते. तुम्ही हसलात.

नंदिनीबाई : मी? मला आठवत नाही. पाहुण्यांसमोर माणूस हसतं.

लीला : मला आठवतंय. त्या रात्री नऊ पानं बाजूला काढली. म्हटलं, बाकी सगळं लागू दे यांना, काठावरचा ऊस लागला की यांचं अडेल. मग येतील आमच्या दारात. अप्पांना परत बोलावतील.

पिराजी : आन न्हाईच बोलावलं तर?

लीला : एक आधण बिघडलं की बोलावतील वाटलं, अप्पा. तीन बिघडंपर्यंत ते पुस्तकच धरून बसतील, हे ध्यानात आलं न्हाय.

पिराजी : वर माझं नाव होतं म्हणून धरून बसला त्यो. एवढं शिकलीस आन एवढं कळलं न्हाय? पिराजीनं सांगितलंय म्हणल्यावर चुकंल कसं, आसं वाटलं त्याला. एकतीस सालात मी त्येवढंच कमवलं होतं. ते तू माझ्यासाठी राखाय गेलीस आन त्येच घालवलंस. मला घरी बसवलं तवा झोप लागली मला. बुधवारपास्नं लागली न्हाय.

लीला : तुमचं काम राहावं म्हणून केलं मी.

पिराजी : मी सांगितलं होतं ठेव म्हणून? मला ठेवायचं आसतं तर मीच ठेवलं आसतं.

नंदिनीबाई : हे घरचं भांडण घरी करा. आत्ता चार वाजता बाळासोंचा माणूस कागदाला येतोय. लीला, तू जे बोललीस ते मी ऐकलेलं नाही. पिराजी, आता तर अंगठा लागेलच. नाही तर मुलीचं काय होईल ते तुम्हीच बघा. माझ्या नावाचंही काय होईल, तेही आहेच.

पिराजी : मघाशी शास्त्र सांगत होता.

नंदिनीबाई : मघाशी मला माहीत नव्हतं.

पिराजी : आणा. कुठं द्यायचा? ह्या बाजूला? शाईची डबी उघडा.

लीला : अप्पा, अंगठा देऊ नका.

पिराजी : तू गप. तुला काय राखायचं त्येवढं राखून झालंय. आता मला राखू दे.

लीला : खोटं हाय त्यात. तुम्ही सगळं सांगितलं होतं.

पिराजी : आता खरं-खोटं दिसाय लागलं व्हय तुला. हात सोड.

लीला : न्हाय सोडत. बाई, हा कागद मी फाडतेय. हा फाडला. बाळासोंच्या माणसाला माझ्याकडं पाठवा, नाही तर मीच आत्ता कोडोलीच्या एष्टीनं जाते त्यांच्याकडं. ती नऊ पानं तुमच्या टेबलावर सोमवारी येतील. पुस्तिकेला जोडा, वाटा, काय करायचं ते करा. उद्याच्या अहवालातून माझं नाव खोडा. पाचशे ठिकाणी नाही, एकाच ठिकाणी आहे.

नंदिनीबाई : आणि नोकरी? वडील घरी बसलेत, ती पानं छापली की कायमचे बसतील. तूही बसणार त्यांच्या शेजारी?

लीला : ते नंतर बघू.

नंदिनीबाई : नंतर मी असणार नाही तुझ्या पाठीशी. आत्ताच सांगते.

लीला : आत्ता तरी कुठं होता, बाई? अप्पा, चला. डबा घ्या. ती आधणं तुमची न्हाईत.

पिराजी : मग कुणाची? बाळासोची?

लीला : माझी हायत. तिन्ही.

पिराजी : नीट बघून बोल. आधण आपलं म्हणायचं म्हंजे काय, ठावं हाय न्हवं?

लीला : ठावं हाय.

पिराजी : मग डबा हिकडं सरकव. आन आजपास्नं तीन दिस तू जेवायचं न्हाईस.